दारापुढचा बर्फ

थंड देशात नव्याने आलेल्या आपल्या माणसांना धास्ती असते ती थंडीची. आमच्या मते धास्ती बाळगावी ती घराच्या पायरीची. कॅनडात टोरांटोकडे हिवाळ्यात पुष्कळदा दिवसा पारा शून्याच्या वर चढतो आणि रात्री खाली उतरतो. दुपारी वितळलेले पाणी पहाटेपर्यंत काचेसारखे गोठते, आणि काँक्रीटवर ते दिसतही नाही. भारतातून भेटीला आलेले आई-वडील, बस गाठायला निघालेला विद्यार्थी, टपाल आणणारा, सर्वांचा पाय तेथेच पडतो. उतारवयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस पुन्हा पूर्वीसारखा चालेलच असे नाही.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही पायऱ्यांवर उकळते पाणी ओतले. बर्फ गेला, आम्ही खूश झालो. थोड्याच वेळात त्याच पाण्याचा पहिल्याहून गुळगुळीत थर तयार झाला!

तेव्हा आधी पाहावे ते पाणी येते कोठून. छताच्या पन्हळीत पानगळीची पाने अडकली की पाणी काठावरून सांडून पायरीवर ठिबकते. म्हणून थंडीपूर्वीच पन्हळी साफ कराव्यात आणि त्यांच्या नळाचे तोंड पोर्चपासून दूर वळवावे. भुसभुशीत हिम पडत असतानाच दोन-तीनदा लोटून काढावे. पायाखाली दाबले गेले की तेच घट्ट चिकटते. लाकडी पोर्चवर प्लॅस्टिकचे फावडे वापरावे, लोखंडी फावड्याने फळ्या खरवडतात.

एवढे करूनही बर्फ धरलाच तर मीठ. घरी लाकडी पॉट फिरवून आइस्क्रीम केलेल्यांना बर्फात मीठ का घालतात हे ठाऊक असेल. मिठाचे पाणी शून्य अंशाला गोठत नाही, म्हणून बर्फ वितळू लागतो. मात्र उणे ९-१० अंशांच्या खाली साधे मीठ फार मंद पडते. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड घ्यावे. ते विरघळताना उष्णता सोडते आणि अधिक थंडीतही काम देते. मूठमूठ विखरून टाकले की पुरते, कारण सगळा बर्फ वितळवायचा नसून फक्त त्याची जमिनीवरची पकड सोडवायची असते. नंतर तो फावड्याने उचलावा. बर्फ धरण्यापूर्वीच मीठ टाकले तर त्याहून कमी लागते.

पुष्कळजण मात्र बादलीच उपडी करतात. त्याने काँक्रीटचे पोपडे निघतात, कठड्याचे लोखंड गंजते, कुत्र्यांचे पंजे सोलवटतात, आणि वाहून गेलेले मीठ ओढ्यांतून ओंटारियो सरोवराला मिळते. काँक्रीट नवे असेल तर पहिल्या हिवाळ्यात मीठ नकोच, वाळू टाकावी. वाळूने बर्फ वितळत नाही, पण पाय धरतो.

ही वाळूची बादली दाराच्या आत ठेवावी, गॅरेजमध्ये नव्हे. नाहीतर ती आणायला त्याच बर्फावरून जावे लागते. आम्ही दोन वर्षे तसेच जात होतो.