पहिली आरशाची दुर्बीण घेताना: ‘५२५ एक्स’ विसरा, आरसा बघा

(ऑडिओ भागाचा वाचण्यासाठी थोडा नीट केलेला मजकूर. ऐकताना निसटलेले आकडे इथे सापडतील.)

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, सगळीकडून प्रश्न साधारण एकच: “दुर्बीण घ्यायची आहे, पैसे जमवलेत, ऑनलाइन ५२५ एक्सवाली स्वस्तात दिसतेय. घेऊ का?”

एका वाक्यात उत्तर हवं असेल तर: नका घेऊ. पण “नका घेऊ” म्हणून मोकळं होणं बरोबर नाही. जमवलेले पैसे एकदाच खर्च होणार आहेत. पहिल्या रात्री दुर्बिणीतून नुसता हलणारा पांढरा ठिपका दिसला, की ती माळ्यावर जाते आणि तिच्याबरोबर आकाशाचा नादही जातो. म्हणून आज नीट समजून घेऊ.

हा ५२५ आला कुठून?

परावर्तक दुर्बिणीत, म्हणजे रिफ्लेक्टरमध्ये, प्रकाश गोळा करायचं काम भिंगाऐवजी आरसा करतो. नळीच्या तळाशी खोलगट आरसा असतो. तो ताऱ्याचा प्रकाश एकत्र करून वर पाठवतो. वरच्या टोकाशी तिरका बसवलेला छोटा सपाट आरसा तो प्रकाश बाजूला वळवतो, आणि तिथे आपण आयपीसला डोळा लावतो. न्यूटनने १६६८ मध्ये अशी दुर्बीण बनवली, म्हणून हिला न्यूटोनियन म्हणतात.

खोक्यावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ७६/७००. पहिला आरशाचा व्यास, ७६ मिलिमीटर. दुसरा फोकल लांबी, ७०० मिलिमीटर. फोकल लांबीला आयपीसच्या आकड्याने भागलं की मोठेपणा निघतो, म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसेल ते. सोबत ४ मिलिमीटरचं आयपीस दिलंय? ७०० भागिले ४, झाले १७५. वर तीन पटींचं बार्लो भिंग घातलं? १७५ गुणिले ३, झाले ५२५!

गणित बरोबर आहे हो, पण दृश्य बिघडतं. आरशाच्या दर मिलिमीटरमागे दोन पट, ही उपयोगी मोठेपणाची ढोबळ मर्यादा. ७६ च्या आरशाला जास्तीत जास्त १५२. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण अंधूक आणि फिस्कटलेलं. मोबाइलमधला फोटो झूम करत नेला की शेवटी नुसते चौकोन दिसतात ना, तसंच. आणि आरसा कितीही मोठा असला तरी आपल्या डोक्यावरची हवा बहुतेक रात्री दीडशे-दोनशेच्या पुढे जाऊ देत नाही. म्हणून जी जाहिरात सगळ्यात मोठ्या अक्षरात ‘एक्स’ सांगते, तिच्यापासून दोन पावलं लांबच राहा.

खरा आकडा: आरशाचा व्यास

दुर्बिणीचं पहिलं काम मोठं दाखवणं नाही, प्रकाश गोळा करणं आहे. अंगणात पावसाचं पाणी धरायला पातेलं ठेवलं तर जास्त साठतं की पेला? तसंच. प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७६ च्या तुलनेत १३० चा आरसा जवळपास तिप्पट प्रकाश गोळा करतो आणि १५० चा जवळजवळ चौपट.

आता कोणी म्हणेल, “मंग काऊन भाऊ, सरळ २०० च घेतो ना!” घ्या, पण आधी विचार करा की ती नेणार कशी. २०० मिलिमीटरची डॉब्सोनियन साधारण पंचवीस किलोच्या घरात जाते आणि नळी सव्वा मीटरच्या आसपास. घरची गाडी असेल, अंगण असेल तर उत्तम. पण तुमचं सगळं फिरणं दुचाकीवर असेल, तर ती घरातून बाहेरच निघणार नाही. सहा-सात किलोची, टेबलावर ठेवायची १३०/६५० पाठीवरच्या बॅगेत बसते. जी वारंवार बाहेर निघते तीच चांगली दुर्बीण.

स्टँड: इथेच पैसे बुडतात

स्वस्त दुर्बिणीचा आरसा कधीकधी बरा असतो, पण स्टँड लटपटतो. शंभर पटींवर बघताना स्टँडचा थरथराटही शंभर पट होतो. फोकस करायला हात लावला की शनी नाचायला लागतो.

स्टँडचे मुख्य प्रकार दोन. विषुववृत्तीय, म्हणजे इक्वेटोरियल स्टँडचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर दिसतो? जितका आपला अक्षांश. यवतमाळचा अक्षांश साधारण २०.४ अंश, म्हणजे आपल्याकडे ध्रुवतारा बराच खाली असतो. हे स्टँड बरेचदा ४०-५० अंशांवरच्या देशांतले ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून बनतात. २० अंशांवर आणताना काही स्वस्त स्टँडचा वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो. नवख्या माणसासाठी ही डोकेदुखी आहे.

दुसरा प्रकार डॉब्सोनियन. लाकडी पेटीसारखा बैठा पाया. नळी वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरते, बस्स. हा प्रकार लोकप्रिय केला जॉन डॉब्सन यांनी. ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त सोसायटीच्या मठात, म्हणजे आपल्या रामकृष्ण-विवेकानंदांच्या परंपरेतल्या मठात, १९४४ पासून २३ वर्षं साधू होते. हाताशी पैसा नव्हता, म्हणून जहाजांच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून त्यांनी आरसे केले आणि प्लायवूड-पुठ्ठ्याच्या दुर्बिणी बनवल्या. मठ सुटल्यावर ते त्या फुटपाथवर मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायचे. ती बैठक इतकी साधी आहे की तुमच्या गावातला सुतारसुद्धा ती करून देईल.

डॉब्सोनियन आपोआप फिरत नाही. शंभर पटींवर ग्रह दोनेक मिनिटांत दृश्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो, आणि बोटाने हलकेच ढकलत राहावं लागतं. दोन रात्रींत सवय होते. चंद्राचे मोबाइल फोटो हिच्यावरही सुरेख येतात. तेजोमेघांचे लांब एक्स्पोजरचे फोटो मात्र विसरा, तो वेगळा आणि महागडा खेळ आहे.

घेण्याआधी विचारायचे चार प्रश्न

एक: आरसा पॅराबोलिक आहे का? साधा गोलाकार आरसा कडेचे आणि मधले किरण अगदी एका बिंदूत आणत नाही. ७६/७०० किंवा ११४/९०० अशा लांब दुर्बिणीत हा फरक फारसा जाणवत नाही. पण १३०/६५० सारख्या आखूड दुर्बिणीत पॅराबोलिकच हवा.

दोन: फोकल लांबी आणि नळीची लांबी जुळते का? १२७/१००० लिहिलंय आणि नळी जेमतेम अर्धा मीटर? म्हणजे फोकसरमध्ये आणखी एक भिंग लपवलंय. या रचनेला बर्ड-जोन्स म्हणतात. स्वस्त मालात ती धड जुळवता येत नाही. सोडून द्या.

तीन: आरसे जुळवायचे स्क्रू आहेत का? कुरिअरने यवतमाळपर्यंत येताना आरसे हलतातच. ते एका रेषेत आणण्याला कॉलिमेशन म्हणतात. फोकसरमधून आत बघितलं की सगळी वर्तुळं एकात एक, मध्यावर दिसायला हवीत. मग एखादा ठळक तारा किंचित फोकसबाहेर करून बघा. कडी एककेंद्री दिसली की काम झालं. स्क्रूच नसतील तर बिघडलेली दुर्बीण तशीच राहील. आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ करा. परत पाठवायची वेळ आली तर तोच कामी येतो.

चार: आयपीस कोणती? २५ आणि १० मिलिमीटर एवढी दोन सुरुवातीला पुरतात. १५०/१२०० वर त्यांनी ४८ आणि १२० पट मिळतात, म्हणजे तेजोमेघ आणि ग्रह दोन्हींची सोय झाली.

आणि आयपीसला लावायचा काळा ‘सन फिल्टर’ खोक्यात निघाला तर तो फोडून फेका. सूर्याची उष्णता नेमकी तिथेच गोळा होते, काच तडकते आणि क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो. सूर्य बघायचाच तर नळीच्या तोंडावर लावायचा प्रमाणित फिल्टरच वापरायचा. तो नसेल तर सूर्याकडे दुर्बीण वळवायचीच नाही.

मग नेमकी कोणती?

किमती दुकानागणिक बदलतात, म्हणून रुपयांऐवजी पायऱ्या सांगतो. बजेट अगदीच कमी असेल तर दुर्बीण घेऊच नका; १०×५० ची द्विनेत्री घ्या. कृत्तिका, चंद्र, गुरूचे चंद्र, आकाशगंगेचा पट्टा असं बरंच दिसतं, आणि शेतातली पाखरंही. थोडं जास्त असेल तर टेबलटॉप ११४ किंवा १३०. त्याहून जास्त असेल आणि ठेवायला जागा असेल तर १५०/१२०० डॉब्सोनियन. पहिली आणि बरीच वर्षं पुरणारी म्हणून माझं मत हिलाच.

चौघांनी वर्गणी काढून किंवा शाळा-कॉलेजने एक १५० घेणं हे चार वेगवेगळ्या ७६ घेण्यापेक्षा केव्हाही चांगलं. स्वतः आरसा घासायची हौस असेल तर पुण्यात आयुकाने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत, आणि १९४४ मध्ये स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्थाही पुण्यातच आहे. तसं तर मोठ्या आरशाशी महाराष्ट्राचं नातं जुनंच. १८८८ मध्ये कावसजी नायगमवाला यांनी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली, तिथे २० इंची परावर्तक दुर्बीण होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

आपल्या जिल्ह्याचं आकाश आणि आपल्या अडचणी

आपण २० अंशांवर आहोत याचा एक मोठा फायदा आहे. ग्रह आपल्याकडे उंच चढतात, कधीकधी जवळपास डोक्यावर. तिथे हवेचा थर पातळ असतो, म्हणून चित्र स्थिर दिसतं. शिवाय नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ आपल्याला दक्षिणेला २२ अंशांपर्यंत वर दिसतो. लंडनच्या माणसाला तो घरून कधीच दिसत नाही! मे महिन्यात रात्री बघा, १५० मधून लाखो ताऱ्यांची रांगोळी सांडल्यासारखा दिसतो.

पेरणीमुळे मृग नक्षत्र घराघरांत माहीत. पण जूनमध्ये सूर्य त्याच भागात असतो, म्हणून तेव्हा ते रात्री दिसत नाही. दुर्बिणीसाठी मृग डिसेंबर ते मार्च. त्यातला तेजोमेघ राखाडी-हिरवट धुक्यासारखा दिसेल, फोटोतल्यासारखा गुलाबी नाही. आधीच सांगून ठेवतो, नंतर रुसू नका. शनीची कडी २०२५ मध्ये पृथ्वीकडे कडेने वळल्यामुळे रेघेसारखी झाली होती, आता वर्षागणिक उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास सर्वात रुंद दिसतील. म्हणजे आज घेतलेल्या दुर्बिणीला पुढची कित्येक वर्षं काम आहे.

अडचणी? पहिली उन्हाळा. दिवसभर तापलेली सिमेंटची गच्ची रात्रभर गरम वाफा सोडते, त्यात ग्रह पाण्यात पडल्यासारखे हलतात. गच्चीपेक्षा मातीचं अंगण किंवा शेत बरं. दुर्बीणही अर्धा-पाऊण तास आधी बाहेर ठेवा, आरसा हवेच्या तापमानाला यायला हवा. दुसरी धूळ. वणीकडे कोळशाची, बाकी ठिकाणी मातीची, आणि पऱ्हाटी जाळायच्या दिवसांत धूर. आरशावर धूळ दिसली तरी कापडाने पुसू नका, वरचा ॲल्युमिनियमचा थर ओरबाडतो. थोड्या धुळीने काही बिघडत नाही. तिसरी पावसाळा. टोपणं लावून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून कोरड्या खोलीत ठेवा. डॉब्सोनियनचा पाया भुसा दाबून केलेल्या फळीचा असेल तर तो ओल लागून फुगतो.

अंधार मात्र आपल्याकडे भरपूर आहे. शहरातून १५-२० किलोमीटर बाहेर गेलात की तीच दुर्बीण तेजोमेघांसाठी वेगळीच वाटते. पण पांढरकवडा, राळेगाव, टिपेश्वरकडच्या मंडळींनो, जंगलाच्या काठावर रात्री जाऊ नका. वाघांचा भाग आहे, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ओळखीच्या माणसाचं, वस्तीजवळचं शेत निवडा. दोघं-तिघं मिळून जा, पायात बूट घाला, विंचू-सापासाठी टॉर्च ठेवा. बघताना टॉर्चवर लाल कागद लावा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपणार नाहीत.

तर आजचं थोडक्यात: एक्स विसरा, आरशाचा व्यास बघा, स्टँड हलवून बघा, आणि न्यायला जमेल तेवढीच घ्या. घेतली की पहिल्या रात्री अष्टमीच्या आसपासचा चंद्र लावा आणि आईला, आजीला, शेजारच्या पोट्ट्यांना बोलवा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या दिसतात ना, तिथे “पैसे कशाला घातले” हा प्रश्न घरात परत कोणी विचारत नाही.

तुमचं बजेट आणि गाव लिहून पाठवा, पुढच्या भागात उत्तरं देतो. तोवर, स्वच्छ आकाश!