जुन्या माशाच्या घरात नवा मासा

ईदीच्या पैशांतून मुले काय काय आणतील, याचा नेम नसतो. अलीकडे त्यात रंगीत मासेही आले आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या सोनाळ्यासारख्या गावात असे मासे बहुधा अकोट, शेगाव किंवा अकोल्याहून पाण्याच्या पिशवीत येतात. हौसेने आणलेला मासा टँकमध्ये सोडला जातो आणि सकाळी तो उलटा तरंगताना दिसतो. जुना मासा मात्र ऐटीत फिरत असतो. मूल हिरमुसते आणि घरात सगळे म्हणतात, "हा जुनाच खुनशी आहे!"

पण माशाच्या मनात खुन्नस नसते. तो आपली जागा राखत असतो. निकोलास टिनबर्गन या शास्त्रज्ञाने स्टिकलबॅक नावाच्या छोट्या माशांवर एक साधा प्रयोग केला होता. दोन नर काचेच्या दोन नळ्यांत ठेवून त्याने त्या नळ्या टँकमध्ये हलवल्या. पहिल्या नराच्या हद्दीत नळ्या नेल्या की पहिला चाल करायचा आणि दुसरा पळू पाहायचा. दुसऱ्याच्या हद्दीत नेल्या की नेमके उलटे व्हायचे. मासे तेच होते, फक्त जागा बदलली होती. टिनबर्गनला १९७३ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपल्या घरच्या टँकलाही हीच गोष्ट लागू पडते. जुन्या माशाचा स्वभाव आपण बदलू शकत नाही, पण त्याची जागा बदलू शकतो.

आधी हे ठरवा

काही माशांना सोबत नकोच असते. फायटरचे दोन नर एका टँकमध्ये कधीही ठेवू नयेत. फ्लॉवरहॉर्न हा माणसाने संकरातून तयार केलेला मासा आहे. त्याला एकटे ठेवणेच बरे. ऑस्कर जवळपास फूटभर वाढतो आणि तोंडात मावेल तो मासा गिळून टाकतो. त्यामुळे नवा मासा त्याच्याच आकाराचा हवा आणि टँकही तेवढा मोठा हवा.

सोडताना

नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा. तेथे एअर पंप लावा आणि पाणी स्वच्छ राखा. काही रोग असेल तर तो येथेच कळेल. प्रवासाने थकलेला मासा तरतरीतही होईल.

सोडण्याच्या दिवशी टँकमधले दगड, कुंड्या, झाडे यांची जागा बदला. जुन्या माशाच्या ओळखीच्या खुणा पुसल्या गेल्या की त्यालाही सगळे नव्याने शोधावे लागते. लपायला दोन-तीन जागा जास्त करा. त्याला आधी पोटभर खाऊ घाला. मग इशाच्या नमाजनंतर दिवे मालवताना नवा मासा सोडा, कारण अंधारात मासे शांत असतात. टँक मोठा असेल तर एका माशाऐवजी तीन-चार एकदम सोडावेत. मग सगळा राग एकावरच निघत नाही.

तरीही मारामारी झाली तर भोके पाडलेला प्लास्टिकचा पडदा मध्ये लावून आठवडाभर दोघांना एकमेकांना फक्त बघू द्या.

पाण्याचा दोष, माशावर आळ

नवा मासा प्रत्येक वेळी मारामुळेच मरतो असे नाही. पर फाटलेले असतील, खवले निघालेले असतील, तर तो मार आहे. अंगावर जखम नाही, पण मासा वर येऊन धापा टाकत होता, तर संशय पाण्यावर घ्यावा. संग्रामपूर तालुक्यातल्या अनेक गावांत बोअरचे पाणी खारट आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सर्वांना ठाऊकच आहे. गोड्या पाण्यात वाढलेला मासा अशा पाण्यात एकदम टाकला तर त्याला ते सोसत नाही. पिशवी पंधरा-वीस मिनिटे टँकमध्ये तरंगत ठेवा. नंतर तासभर थोडे थोडे टँकचे पाणी पिशवीत घालत राहा. शेवटी मासा जाळीने उचलून सोडा. पिशवीतले पाणी टँकमध्ये ओतू नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून ते दिवसभर उघडे ठेवून मगच वापरा.

एप्रिल-मे महिन्यांत नवे मासे आणूच नयेत. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यातच वीज गेली की पंप बंद पडतो. अशा वेळी जुन्या माशांनाच श्वास पुरत नाही, मग पाहुण्याची काय कथा!

जमलेच नाही तर

आठवड्यानंतरही नवा मासा कोपऱ्यात दबून बसत असेल, खात नसेल, तर दोघांना कायमचे वेगळे करा किंवा एक मासा दुकानदाराला परत द्या. वैतागून मासा वान नदीत किंवा विहिरीत मात्र सोडू नका. असे परदेशी मासे तेथे तगले तर गावच्या माशांची अंडी-पिल्ले खाऊन टाकतात.

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतो. काचेत कोंडलेल्या माशालाही पळून जायला वाट नसते, त्याला सगळे आपल्याच हातून मिळते. म्हणून पुढच्या ईदीला मुलाने मासा मागितला, तर आधी टब, पडदा आणि जाळी आणा. मासा त्यानंतर आणा.