दिव्याखालची भाजी

आषाढ-श्रावणात मेढ्याच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीचा भाव विचारून गिऱ्हाईक मुकाट पुढे सरकते. जावळीच्या पश्चिमेला पाऊस असा कोसळतो, की वाफ्यातली पालेभाजी जागीच कुजते. जी येते ती चिखलाने माखलेली. याच दिवसांत जुलाब, कावीळ, टायफॉइडचे रुग्ण वाढतात आणि कच्चा पाला खाऊ नका, असे डॉक्टर सांगतात. अशा वेळी बंद खोलीत, दिव्यांच्या उजेडात, मातीशिवाय पिकणाऱ्या भाजीची चित्रफीत मोबाइलवर पाहून एखाद्या तरुणाला वाटते, हे आपल्याकडे का नको?

ही ‘उभी शेती’ जगभर गाजवणारा माणूस शेतीतला नव्हताच. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले डिक्सन डेस्पोमिए हे परजीवींचे, म्हणजे जंत आणि त्यांच्या भाऊबंदांचे प्राध्यापक. १९९९ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांकडून हिशेब करून घेतला, तेव्हा मॅनहॅटनच्या साऱ्या गच्च्यांवर पिके घेतली तरी जेमतेम दोन टक्के लोकांचे पोट भरेल असे निघाले. मग गच्ची सोडून त्यांनी इमारतीच्या आत मजल्यावर मजला चढवला. त्यामागे त्यांच्या विषयातले कारणही होते. शेतात मानवी मैला, त्यातून भाजीवर जंतांची अंडी, भाजीतून पुन्हा पोटात. माती वगळली की ही साखळी तुटते.

अशा खोलीत फळीवर फळी रचलेली असते. मुळे खतमिश्रित पाण्यात किंवा धुक्यात, वर लाल-निळे एलईडी दिवे, हवेत थोडा जादा कार्बन डायऑक्साइड. पानांतून उडालेली वाफ वातानुकूलन यंत्रात पुन्हा पाणी होते आणि परत वापरता येते. कीड आत शिरलीच नाही तर फवारणी लागत नाही. मात्र पाण्याच्या टाकीत जंतू शिरले तर एकाच वेळी सगळ्या फळ्यांवर पोचतात, एवढे ध्यानात असावे.

घोडे अडते ते विजेपाशी. बंदिस्त शेती करणाऱ्यांच्या २०२१ च्या जागतिक पाहणीत उभ्या शेतीला किलोमागे सरासरी ३८.८ युनिट वीज लागल्याचे दिसले, हरितगृहाला ५.४. युनिटला आठ रुपये धरले तरी किलोभर पाल्यामागे तीनशेच्या वर नुसते विजेचे बिल. आता हाच हिशेब कॅलरीत करू. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजे तेहतीस हजारांहून अधिक किलोकॅलरी ओतायच्या आणि किलोभर लेट्यूसमधून जेमतेम दीडशे मिळवायच्या. ज्वारी किंवा नाचणी अशी पिकवणे तर दूरच. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि लेट्यूसमध्ये लोह थोडेच. त्यापेक्षा माठ, राजगिरा आणि पावसात फुकट उगवणारा टाकळा बरा, वर लिंबू पिळून. आणि जंतांच्या अंड्यांचे म्हणाल, तर नीट शिजलेल्या भाजीत ती टिकत नाहीत. डेस्पोमिएंच्या साखळीवर जावळीच्या चुलीने कधीच तोड काढली आहे.

अमेरिकेत पालेभाजीवर उभ्या राहिलेल्या मोठ्या कंपन्यांचे काय झाले? एरोफार्म्सने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, बावरी २०२४ मध्ये बंद पडली, प्लेन्टीने मार्च २०२५ मध्ये तोच मार्ग धरला. आपल्याकडेही उभ्या शेतीत हळद लावून कोटींची कमाई, अशा जाहिराती काही वर्षांपूर्वी फिरल्या होत्या.

प्लेन्टीने पालेभाजी सोडली, पण व्हर्जिनियातली आपली स्ट्रॉबेरी राखली. मेढेकरांनी कान टवकारावेत अशी ही गोष्ट. देशातली सुमारे ८५ टक्के स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यातली, २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण तिची मातृरोपे परदेशातून आणावी लागतात. त्यांना फुटणाऱ्या रनरपासून इथली रोपे तयार होतात. दिवस मोठा आणि हवा उबदार असली की स्ट्रॉबेरी रनर सोडते. दिवस लहान आणि गारठा पडला की फुलाकडे वळते. खोलीत हे दोन्ही बटणाने ठरवता येते. जपानच्या चिबा विद्यापीठात तोयोकी कोझाई यांनी दिव्याखाली रोपे तयार करण्याच्या बंदिस्त पद्धतीवर वर्षानुवर्षे काम केले, आणि अमेरिकेत स्ट्रॉबेरीची निरोगी रोपे अशा खोलीत वाढवण्यावर संशोधन चालू आहे. इथे विजेचा हिशेब बदलतो. रोप फळीवर थोडेच आठवडे राहते, जागा चिमूटभर घेते आणि पुढे कित्येक महिने फुकटच्या उन्हात फळ देते. पाल्याचे तसे नाही, तो कापला की संपला.

सातारा भागात हे करायचे तर सुरुवात ऊतिसंवर्धित, विषाणूमुक्त रोपांच्या एका लहान खोलीपासून, कृषी विद्यापीठाच्या सल्ल्याने व्हावी. कर्ज काढून चार मजले उभारण्यापासून नव्हे. आणि खोली बांधण्याआधी जनरेटरचा प्रश्न सोडवावा लागेल. भर पावसात मेढ्याची वीज गेली, तर धुक्यावर पोसलेली मुळे काही तासांतच सुकू लागतात.