आग बाहेर, पाणी आत

थंडी पडू लागली की मला आमच्या घरच्या जुन्या बंबाची आठवण येते. तांब्याचा, पोटाशी फुगीर, खाली जाळी, मधून वर गेलेले नळकांडे आणि बाजूला पितळी तोटी. अम्मी फजरच्या आधी उठून त्यात गोवरीचा तुकडा आणि चार काटक्या टाकायची. अब्बांच्या वजूपुरते पाणी आधी कोमट व्हायचे, मग आम्हा पोरांच्या अंघोळीचे तापायचे. बंब अंगणात असायचा. कितीही कडाक्याची थंडी असो, तो घरात कधी आला नाही. लहानपणी वाटायचे, धुराने भिंती काळ्या होतात म्हणून. खरे कारण समजायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. आणि ते समजले एका चाकांवरच्या घरात.

माझा भाचा वेल्डर आहे. शेतीच्या ट्रॉल्या बनवता बनवता त्याने मोटारीमागे जोडायचा एक छोटा ट्रेलर तयार केला. आत दोघांना झोपता येईल एवढी गादी, मागे स्वयंपाकाचा ओटा आणि कोपऱ्यात, उभे राहता येईल एवढी न्हाणी. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे वेड होते. ट्रेलरची नोंदणी, दिवे, ब्रेक हा त्याचा विषय. मी आज बोलणार आहे ते फक्त त्यातल्या गरम पाण्याबद्दल. कारण मुक्कामाच्या जागी सगळे मिळते. चूल मिळते, चहा मिळतो. पण माळावरच्या पहाटे बादलीभर गरम पाणी मिळाले, तरच त्या जागेला घर म्हणावेसे वाटते.

डिसेंबरात आम्ही भंडारदऱ्याला गेलो. भाच्याने घरगुती गॅस गीझर ट्रेलरच्या न्हाणीतच भिंतीला ठोकला होता. "मामू, बघा, बटण दाबायचीसुद्धा गरज नाही. तोटी सोडली की गरम पाणी," तो कौतुकाने म्हणाला. थंडी आत येऊ नये म्हणून छताची खिडकी मीच लावून घेतली. आधी भाच्याने अंघोळ केली, मग मी. माझे डोके थोडे जड झाले होते. मला वाटले, रात्री झोप झाली नाही. मग माझी पत्नी गेली. पाण्याचा आवाज येत होता, येतच राहिला. मी हाक मारली, "झालं का हो?" उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. मग दार ढकलले. ती खाली बसली होती, डोके भिंतीला टेकलेले, डोळे अर्धे उघडे. पाणी तिच्या पायांवर पडत होते. मी तिला ओढत बाहेर आणले. भाच्याने सिलिंडर बंद केला आणि घोंगडी टाकली. जवळच्या रुग्णालयात तिला तासन् तास प्राणवायू दिला. ती वाचली. डॉक्टर एवढेच म्हणाले, "तुम्ही तिसरी हाक मारायला थांबला नाहीत, ते बरं केलंत."

हे सांगताना आजही माझा आवाज बदलतो. पण सांगायला हवे, कारण चूक यंत्राची नव्हती. आमची होती.

झाले काय, ते समजून घेऊ. गॅस नीट जळायला हवा लागते, आणि भरपूर लागते. दहा लिटर पाणी १५ अंशांवरून अंघोळीजोगे ४० अंशांवर न्यायला साधारण २८ ग्रॅम गॅस लागतो. तेवढा गॅस पूर्ण जळायला साडेतीनशे लिटरहून अधिक हवा खर्च होते. आमच्या न्हाणीत सगळी मिळून अठराशे लिटर हवा होती. म्हणजे अशा पाच बादल्यांत तिच्यातला सारा प्राणवायू संपावा. प्रत्यक्षात एवढे व्हायचीही गरज नसते. प्राणवायू थोडा कमी पडला की ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते, म्हणून गळती कळते. पण जळून तयार होणाऱ्या या वायूला वास कोण देणार? आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक ओढीने धरून ठेवते. मग डोके दुखते, मळमळते, पायांतले बळ जाते. माणसाला वाटते, थकवा आहे, जरा बसू. आणि तो बसतो तो उठत नाही. दर हिवाळ्यात गॅस गीझरच्या बंद न्हाणीघरांतल्या अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो.

त्यानंतर भाचा म्हणाला, "मामू, गॅसच नको. बॅटरीवर करू." त्याचाही हिशेब मांडून पाहिला. तेच दहा लिटर पाणी तापवायला जवळजवळ ३०० वॅट-तास वीज लागते. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास. कागदावर चार बादल्या होतात, पण साधी शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर निकामी होते. म्हणजे दोन बादल्या, आणि त्यानंतर रात्री दिवा नाही. शिवाय १५०० वॅटचा रॉड त्या बॅटरीतून सव्वाशे अँपिअर खेचणार. त्याला मनगटाएवढी नाही तरी अंगठ्याएवढी वायर हवी. उलट ५ किलोच्या छोट्या सिलिंडरमध्ये पावणेदोनशे बादल्या निघतात. पाणी तापवणे हे आगीचेच काम आहे. विजेने फक्त पाणी ढकलावे.

तेव्हा आम्ही सगळे उखडले आणि नव्याने मांडले. ते कसे, ते क्रमाने सांगतो.

पहिले पाणी. पिण्याचे पाणी साठवायच्या प्लास्टिकची ६० लिटरची टाकी घेतली. एक लिटर म्हणजे एक किलो, हे विसरू नये. टाकी ट्रेलरच्या आसावर, मधोमध बसवली. मागच्या टोकाला ठेवली तर ट्रेलर मागे झुकतो आणि वेगात हेलकावे खातो. टाकीत आडवी फळी असली तर अर्धे पाणी डचमळत नाही.

दुसरा पंप. पाणी उंचावर ठेवले तर आपोआप येईल, असे आधी वाटले होते. पण गीझरमध्ये पाण्याच्या दाबाने एक पडदा ढकलला जातो आणि त्यानेच गॅसची झडप उघडते. दहा मीटर उंचीचे पाणी एक बार दाब देते. ट्रेलरच्या टपावरची टाकी दोन मीटर धरली तरी पाव बारही होत नाही. तेवढ्यावर गीझर पेटेलच असे नाही. म्हणून १२ व्होल्टचा छोटा डायफ्रॅम पंप. त्याच्या तोंडाशी जाळी हवी, नाहीतर वाळूचा एक कण त्याला बंद पाडतो. तो चार-पाच अँपिअर घेतो, पण अंघोळ पाच मिनिटांची. बॅटरीला ते कळतही नाही.

तिसरा गीझर. तो आता ट्रेलरच्या बाहेर, बाजूच्या भिंतीवर लोखंडी हुकांना टांगतो. मुक्कामाला लावायचा, निघताना काढून ठेवायचा. वर खिडकी नको, शेजारी ताडपत्री नको. अंघोळीसाठी बाजूला कापडी आडोसा उभा करतो आणि त्यात फक्त नळी जाते. गीझर आडोशात न्यायचा मोह कितीही झाला तरी न्यायचा नाही. वारा फार असेल तर ज्योत विझते. अशा वेळी गॅस आपोआप बंद करणारी सोय असलेलाच गीझर घ्यावा.

चौथा सिलिंडर. तो ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर, उभा आणि पट्ट्याने आवळलेला. आडवा ठेवला तर वायूऐवजी द्रव बाहेर येतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरला पेटी केली तर तिच्या तळाला भोके हवीतच. घरच्या शेगडीसारखाच कमी दाबाचा रेग्युलेटर आणि तारेची केशरी सुरक्षा नळी वापरावी. हॉटेलच्या भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर इथे चालत नाही. जोड तपासायला साबणाचा फेस लावावा, काडी कधीही ओढू नये. प्रवासात रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपण लावावे.

वापरायचा क्रमही ठरलेला आहे. आधी टाकी पाहायची, मग पंप सुरू करून नळीतली हवा काढायची, मग गॅस उघडायचा. तोटी पूर्ण सोडायची आणि उष्णता गीझरच्या खटक्याने कमी-जास्त करायची. तोटी आवळली तर पंप थांबून थांबून चालतो आणि गीझर विझतो-पेटतो. मध्येच पाणी बंद केले असेल तर पुन्हा सुरू करताना पहिला तांब्याभर पाणी बाजूला सोडावे. गीझरमध्ये अडकलेले पाणी चटका देण्याइतके तापलेले असते. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर बर्नर साफ केल्याशिवाय पुन्हा पेटवू नये.

लडाखसारख्या ठिकाणी जाणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ, म्हणजे ज्योतीलाही श्वास अपुरा. आणि सिलिंडरमधला ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचे जवळजवळ थांबवतो, त्यामुळे दाब पडतो. रात्री गीझरमधले पाणी काढून टाकावे. गोठताना पाणी फुगते आणि तांब्याची नळी फोडते.

आणि सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात आधी करायची गोष्ट म्हणजे कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटी. बॅटरीवर चालते, तळहातात मावते. आम्ही ती ट्रेलरमध्ये उशाच्या उंचीवर लावली आहे. गीझर बाहेर असला तरी माणसे थंडीत शेगडी आत आणतात, कोळसा आत आणतात. माणूस विसरतो, घंटी विसरत नाही.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा त्याच तळ्याकाठी गेलो. पत्नी येईल असे मला वाटले नव्हते. ती आली. भाच्याने गीझर टांगला, नळी ओढली. तिने सभोवार फिरून सगळे पाहिले, गीझर कुठे आहे, आडोसा कुठे, घंटीचा दिवा लागला आहे का. मग म्हणाली, "म्हणजे आपला बंबच की हा. अंगणात ठेवलेला."

मी काही बोललो नाही. अम्मीला रसायनशास्त्र येत नव्हते. पण आग बाहेर ठेवायची आणि पाणी तेवढे आत न्यायचे, हे तिला कोणीतरी शिकवले होते. आपण घर छोटे केले, दारे घट्ट केली, घराला चाके लावली आणि अंगण विसरलो. त्या दिवशी अंघोळीला ती आत गेली, तेव्हा मी आडोशाबाहेर उभा राहून उगाचच बोलत होतो. पाण्याच्या आवाजातून तिचे उत्तर येत होते. तेवढे पुरे होते.