सावळ्याच्या गाढवाचा माग

समजा, तुम्हाला शोधनिबंध लिहायचाय आणि विषय घेतलाय ‘गाढवाचं लग्न’. हसू नका! हरिभाऊ वडगावकरांच्या या वगातला सावळ्या कुंभार दादू इंदुरीकरांनी असा काही रंगवला, की १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार तमाशातल्या या सोंगाड्याला मिळाला. गोष्ट तर सगळ्यांच्या तोंडी आहे. इंद्राच्या दरबारात आगळीक करणारा गंधर्व शापानं गाढव होतो, सावळ्या कुंभाराच्या घरी येतो, आणि सुटका कधी? तर राजकन्येशी लग्न लागेल तेव्हा!

मग काय, छापील संहिता आणायची आणि टिपणं काढायला बसायचं? बसून पाहा. संहितेत तुम्हाला वगाचा सांगाडा मिळेल. सोंगाड्या समोरच्या गावाच्या सरपंचाचं नाव घेऊन जी फिरकी घेतो, ती तिथं कुठून असणार? तो संवाद त्याच रात्री जन्मतो. वगाचे टप्पे ठरलेले, पण दोन टप्प्यांमधलं रान मोकळं. म्हणजे अभ्यासाचा मुख्य ऐवज कागदावर नाहीच, तो माणसांच्या डोक्यात आहे.

ही माणसं एका जागी गाठायची तर जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव गाठा. तमाशा कलावंत विठाबाईंचं हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखलं जातं. चैत्रातल्या यात्रा जवळ आल्या की इथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. राहुटीच्या तोंडाशी फडाच्या नावाची पाटी, आत सतरंजी, टेबलावर तारखांची वही. जुन्नर, आंबेगाव, खेडची मंडळी चहा पीत घासाघीस करतात: वग कोणता, नाची किती, रक्कम किती. संशोधकानं ही घासाघीस कान देऊन ऐकावी. कोणता वग अजून मागितला जातो आणि कोणता बाजूला पडला, हे इतक्या रोखठोक शब्दांत समीक्षेच्या ग्रंथात कुठं मिळणार? तिकडे यात्रा कमिटीच्या जुन्या जमाखर्चात तमाशावरचा खर्च लिहिलेला असला, तर तोही पुरावाच.

आता एक गंमत बघा. तोंडातोंडी चालणारी ही कला कागदावर उतरवायला कोणी भाग पाडलं? सरकारनं! प्रयोगाआधी संहिता रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाकडे मंजुरीला द्यायची, असा नियम. हेतू कात्री लावण्याचा, पण त्यापायी कागद तयार झाले. मात्र हे कागद जपून वाचायचे, कारण मंजुरीसाठी दिलेला वग आणि रात्री दोन वाजता रंगलेला वग हे सख्खे भाऊ असले, तरी जुळे नव्हेत.

पण मला झपाटलं ते खुद्द गाढवानं. ते आलं कुठून? विक्रमादित्याच्या दंतकथांत गंधर्वसेन नावाचा त्याचा बाप भेटतो. त्यालाही इंद्राचा शाप, तोही गाढव, त्याचंही लग्न राजकन्येशी! म्हणजे सावळ्याच्या दारातलं जनावर थेट उज्जैनच्या राजघराण्याचं निघालं.

इथं नाणेसंग्राहक मदतीला धावतो. पश्चिम भारतात ‘गधैया’ नावाची जुनी नाणी सापडतात, आणि लोकांनी त्या नावाचा संबंध याच गंधर्वसेनाशी जोडला. नाण्यावर गाढव मात्र कुठंच नाही! पाचव्या शतकात इराणचा सासानी राजा पेरोज हूणांशी लढला आणि हरला. त्याची चांदीची नाणी हूणांबरोबर भारतात आली. एका बाजूला राजाचा मुखडा, दुसऱ्या बाजूला अग्निकुंड. मग शतकानुशतकं त्यांच्या नकला निघत राहिल्या. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यावर जे होतं तेच झालं: नाकाची झाली रेघ, डोळ्याचा झाला ठिपका, कुंडाच्या उरल्या आडव्या रेषा आणि टिंबं. एक गधैया तळहातावर घेऊन पाहा, त्यात राजा आहे हे सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

अजून मागं जाऊ? जैनांच्या कालकाचार्यकथेत उज्जैनच्या राजाचं नावच मुळी गर्दभिल्ल. त्यानं कालकाचार्यांच्या साध्वी बहिणीला पळवलं, म्हणून आचार्यांनी शकांना बोलावून त्याचा पाडाव केला. हे शक म्हणजे नुसती दंतकथा नव्हे. नारायणगावाहून एसटीनं जुन्नरला उतरा आणि मानमोडीच्या डोंगरातल्या लेण्यांकडे जा. तिथं शक महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानं पाण्याची पोढी आणि मंडप दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे, वर्ष ४६. सुमारे १९०० वर्षांपूर्वीची ही अक्षरं तमाशाच्या पंढरीपासून इतकी जवळ!

यावरून सावळ्याचं गाढव नहपानाच्या काळचं ठरतं का? अजिबात नाही. शिलालेखातून शकांची सत्ता इथवर पोचली होती एवढंच कळतं, गाढवाबद्दल त्यात अवाक्षर नाही. कथा कशी फिरली ते कथांनाच विचारावं लागतं, आणि गधैया नाणं फार तर एवढं सांगेल की लोक गंधर्वसेनाला विसरले नव्हते. निबंध लिहिताना या तिन्ही गोष्टींची सरमिसळ करण्याचा मोह मला तरी अनावर होतो.

तेव्हा सुरुवात कुठून करायची? माझं मत विचाराल तर राहुट्यांपासून. मानमोडीचा लेख पुढच्या वर्षीही जागेवर असेल, नाणी पेटीत असतील. फड मात्र पाडव्यानंतर यात्रांच्या वाटेला लागतात. त्याआधी एखादा म्हातारा सोंगाड्या गाठा आणि त्याला एकच विचारा, “बाबा, सावळ्याची एन्ट्री तुमच्या गुरूची कशी होती?” रेकॉर्डर मात्र आधीच चालू करून ठेवा, कारण तो सांगत बसणार नाही, उठून करूनच दाखवेल.