पाठीवरच्या ओझ्याला लेव्ही

घर बदलायचे ठरले की पॅकर्स-मूव्हर्सचा माणूस येतो, खोल्याखोल्यांतून फिरून सामान बघतो आणि संध्याकाळपर्यंत मोबाईलवर कोटेशन पाठवतो. पॅकिंगचे साहित्य, गाडीभाडे, भराई-उतराईची मजुरी, जीएसटी, आणि बहुधा शेवटच्या ओळीत ट्रान्झिट इन्शुरन्स: सामानाची जी किंमत तुम्ही सांगाल तिच्या काही टक्के. टीव्हीची काच तडकली, फ्रीजला पोचा आला, तर भरपाई मिळते. ज्या पोराच्या पाठीला पट्ट्याने बांधून तो फ्रीज तिसऱ्या मजल्यावरून उतरणार असतो, त्या पोराच्या पाठीसाठी त्या कागदावर एकही ओळ नसते.

हा धंदा मुंबई-पुण्यात झपाट्याने वाढला, आणि त्याची कारणे डोळ्यांसमोर आहेत. हिंजवडी-खराडीच्या नोकऱ्यांनी तरुण कुटुंबांना भाड्याच्या घरांत फिरते ठेवले. मुंबईत जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाने सोसायट्याच्या सोसायट्या दोनदा हलवल्या, एकदा बाहेर आणि काही वर्षांनी परत आत. बिल्डरशी होणाऱ्या करारांत घरभाडे आणि दलालीबरोबर शिफ्टिंगच्या खर्चाचे कलम आता सर्रास असते. दोन टेम्पो आणि एका गाळ्यावर सुरू झालेली फर्म पाहता पाहता तीन शहरांत पाटी लावते. गोदाम येते, कॉल सेंटर येते, मजल्यागणिक दर सांगणारे ॲप येते.

वाढत नाही ती पाठीमागच्या माणसांची नोकरी. कार्यालयात बसणाऱ्या सर्व्हेअरला, हिशोबनिसाला आणि ड्रायव्हरला पगारपत्रक असते. सामान उचलणारी चार-सहा पोरे बहुतेक ठिकाणी रोजंदारीवर असतात. त्यांना एक सुपरवायझर फोन करून जमवतो, आणि काम नसले की फोन येत नाही. महिन्याची अखेर आणि एप्रिल ते जून हा शाळांच्या सुट्टीचा काळ म्हणजे त्यांचा हंगाम. तेव्हा दिवसाला दोन घरे उरकावी लागतात. इतर वेळी आठवडा कोरडा जातो.

त्या एका दिवसात काय काय असते ते बघावे. सकाळी पुठ्ठ्याचे खोके ठोकायचे, भांडी कागदात गुंडाळायची, काचेला बबल रॅप, सोफ्याला स्ट्रेच फिल्म, पलंग खोलून त्याचे स्क्रू एका पिशवीत घालून पिशवी पलंगालाच चिकटवायची. हे कौशल्याचे काम आहे. जिन्याच्या वळणावर लोखंडी कपाट कोणत्या कोनात उभे करायचे, वरच्याने कधी झुकायचे आणि खालच्याने कधी थांबायचे, हे पोर वर्षभर उस्तादाच्या हाताखाली शिकते. बऱ्याच सोसायट्या सामान हलवायला दहा ते पाच अशी वेळ देतात, लिफ्ट वापरायचे वेगळे पैसे घेतात किंवा वापरूच देत नाहीत. त्यामुळे घाई आणि जिना दोन्ही एकदमच वाट्याला येतात. दुपारी गाडी भरली की त्यातलेच दोघे सामानाबरोबर नागपूरला किंवा हैदराबादला निघतात, कारण तिकडे उतरवायलाही माणसे लागतात. रात्रीची झोप टेम्पोच्या केबिनमध्ये. पाणी आणि संडास ज्या घरात काम असेल तिथल्या माणसांच्या मर्जीवर.

कायदा नाही असे मुळीच नाही. दहा माणसे कामाला असलेल्या आस्थापनेला राज्य कामगार विमा लागू होतो. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यासाठी मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो आणि कामगार ०.७५ टक्के, आणि त्यातून कुटुंबाला दवाखाना मिळतो, आजारपणात पगाराचा हिस्सा मिळतो. वीस माणसांवर भविष्यनिर्वाह निधी येतो. पाच वर्षे सलग काम केले की ग्रॅच्युइटी. ही सगळी रचना एका गृहीतावर उभी आहे: कामगाराला एक मालक आहे, मालकाकडे हजेरीपट आहे आणि तो माणूस महिनोन्महिने तिथेच येतो. सामान उचलणाऱ्या पोराचे हे तिन्ही नाही. सोमवारी तो एका कंपनीच्या टी-शर्टात असतो, गुरुवारी दुसऱ्या. वाढणाऱ्या फर्मला हेही ठाऊक असते की दहावा आणि विसावा माणूस पटावर आला की खर्च वाढतो. मग पटावर सात-आठच राहतात आणि बाकीचे ‘बाहेरचे’.

या कोड्याला महाराष्ट्राने एकदा उत्तर शोधले होते, आणि ते उत्तर आजही कायद्याच्या पुस्तकात जिवंत आहे. १९६९ साली विधिमंडळाने महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम केला. त्या वेळी मशीद बंदर, मांडवी, दाणाबंदर या भागात हजारो माणसे गूळ, मिरची, धान्य, मसाले वाहत होती. त्यांतली बरीचशी सातारा, सांगली, जुन्नर, आंबेगावकडून आलेली. आज या पेढीवर, उद्या त्या. व्यापारी म्हणायचा, हा माझा नोकर नाही, आणि कोर्टातही ते खरे ठरायचे, कारण तो कोणा एकाचाच नोकर नव्हता. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी या माणसांची युनियन बांधली, बंद केले, मोर्चे काढले, आणि सरकारला कायद्यापर्यंत आणले. तिकडे पुण्यात बाबा आढावांनी १९५०च्या दशकातच हमाल पंचायत उभी केली होती, आणि नाना-भवानी पेठेतल्या हमालांचा लढा तिथून चालत होता.

कायद्याचा सांगाडा गोदीतून आला. १९४८च्या गोदी कामगार कायद्याने बंदरातल्या हंगामी मजुरांची नोंद एका मंडळाकडे केली होती. माथाडी कायद्याने तीच कल्पना बाजारपेठेत आणली, आणि माझ्या मते ती स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राच्या सर्वांत बुद्धिमान कामगार कल्पनांपैकी एक आहे. तिचा व्यवहार असा चालतो. एकेका व्यवसायासाठी मंडळ असते: किराणा बाजार, लोखंड-पोलाद, कापड, मालवाहतूक, रेल्वे मालधक्का. मंडळावर मालकांचे, कामगारांचे आणि सरकारचे प्रतिनिधी बसतात. व्यापारी तिथे नोंदणी करतो, कामगारही करतो, आणि कामगारांच्या टोळ्या ठरतात. टोळीने महिनाभरात किती माल भरला, उतरवला, थप्पीला लावला, याचा हिशोब ठरलेल्या दराने होतो. व्यापारी ती मजुरी टोळीच्या हातात देत नाही, मंडळात भरतो. आणि मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही भरतो. लेव्हीचा दर मंडळागणिक वेगळा, पण तीस-चाळीस टक्के किंवा त्याहूनही वर जाणारा.

मजुरी बँकेत जमा होते. लेव्हीतून प्रत्येक नोंदीत कामगाराच्या नावावर भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी रजा, सणाची सुट्टी, औषधपाणी आणि अपघाताची भरपाई निघते. व्यापाऱ्याने पैसे थकवले तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करता येतात. बारकाईने पाहिले तर इथे हक्क मालकाच्या पटाला चिकटलेला नाही, तो गोणीला चिकटलेला आहे. कोणाची गोणी, हा प्रश्नच उरत नाही. ज्याने उचलवली त्याने लेव्ही भरायची, मग ती त्याने त्या महिन्यात एकदाच उचलवली असो की रोज. दहा आणि वीस माणसांच्या मोजणीला इथे थारा नाही.

या रकमांतून काय झाले ते नवी मुंबईत दिसते. ऐंशी-नव्वदच्या दशकांत घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला हलला, त्याच्या मागे माथाडीही गेले. कोपरखैरणे, घणसोली या भागांत सिडकोने त्यांच्यासाठी घरे बांधली. शिक्षण नसलेल्या बापाची मुले तिथून अभियंते, शिक्षक, पोलीस झाली. दर २५ सप्टेंबरला, अण्णासाहेबांच्या जयंतीला, वाशीत मेळावा भरतो आणि मुख्यमंत्री-उपमुख्यमंत्री व्यासपीठावर येतात. पुण्यात हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त जेवणाचे केंद्र चालवले, हमालनगर वसवले. सत्तरीच्या हमालाला पाठ मोडल्यावर मुलाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही, याचे श्रेय कोणाच्या दयेला नाही, लेव्हीच्या पावतीला आहे.

ओझ्याच्या वजनाचा प्रश्नही याच चळवळीने लावून धरला. एके काळी शंभर किलोची गोणी ही सामान्य गोष्ट होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली ओझ्याच्या कमाल वजनाबाबत करार केला, आणि त्याच्या जोडीच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सांगितली. पन्नास किलोच्या गोणीची मागणी इथल्या हमालांनी रस्त्यावर उतरून रेटली. घरसामानाच्या धंद्यात मात्र ही चर्चा अजून सुरूच झालेली नाही. दोन दारांचा फ्रीज एकाच्या पाठीवर द्यायचा की चौघांच्या हातात, हे तिथला सुपरवायझर घड्याळ पाहून ठरवतो.

या व्यवस्थेला कीड लागली आहे, तेही लिहिले पाहिजे. माथाडीच्या नावाने बोगस संघटना निघाल्या. औद्योगिक पट्ट्यात आलेली गाडी अडवून, हातही न लावता पैसे मागणाऱ्या टोळ्या निघाल्या. नव्या घरात सामान उतरवणाऱ्या कुटुंबांना दमदाटी झाल्याच्या तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या. केरळात १९७८च्या हेडलोड कामगार कायद्याभोवती हाच रोग वाढला. तिथे नुसते पाहत उभे राहण्याच्या मजुरीला नोक्कुकूली म्हणत, आणि १ मे २०१८पासून सरकारने ती बंद जाहीर केली. खंडणीखोरांचे सर्वांत मोठे पाप असे की त्यांनी खऱ्या माथाड्याचे नाव खराब केले. आज ‘माथाडी’ म्हटले की उद्योजक दचकतो, आणि त्या दचकण्याचा फायदा लेव्ही चुकवणाऱ्यांना होतो. खंडणी फौजदारी कायद्याने मोडून काढावी. त्यासाठी मंडळ मोडायची गरज नाही.

घर हलवणाऱ्या पोरांना मंडळाच्या छत्राखाली आणायला नवा कायदा लागत नाही, असे मला वाटते. १९६९च्या कायद्याच्या अनुसूचीत सार्वजनिक मालवाहू वाहनांत माल भरण्या-उतरवण्याचे काम आहेच. कुटुंबाला मात्र यात ओढू नये. स्वतःचे सामान हलवणारा माणूस व्यापारी नाही, आणि त्याच्या दारात कोणी पावतीपुस्तक घेऊन उभे राहता कामा नये. केरळच्या कायद्यानेही खाजगी घरगुती कामाला ठेवलेला माणूस व्याख्येच्या बाहेर ठेवला आहे. पण पाठीवर नाव छापलेले टी-शर्ट घालून, जीएसटीचे बिल देऊन हेच काम करणारी कंपनी उघडपणे व्यापार करते. नोंद तिची व्हावी.

कंपन्या म्हणतील, दर वाढतील. वाढतील, आणि किती ते मांडून बघता येते. समजा, दोन बेडरूमच्या घराच्या शिफ्टिंगमध्ये मजुरीचा भाग ६,००० रुपये आहे आणि लेव्ही चाळीस टक्के आहे. बिलावर २,४०० रुपये चढतात. फ्रीज-टीव्हीच्या विम्यासाठी गिऱ्हाईक काहीशे ते काही हजार रुपये आजही मुकाट भरते. स्पर्धेची भीती एकट्या प्रामाणिक कंपनीला असते. सगळ्यांना लेव्ही लागली की ती कोणालाच जड होत नाही, वाशीच्या बाजारात ती कोणत्याही एका व्यापाऱ्याला बुडवून गेली नाही.

ॲपवरून माणसे बोलावणाऱ्या कंपन्यांमुळे हा विचार आता महाराष्ट्राबाहेरही पोहोचला आहे. २०२३ साली राजस्थानने गिग कामगारांसाठी कायदा केला. त्यात त्रिपक्षीय मंडळ, कामगाराची नोंद आणि प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क अशी रचना आहे, आणि त्यामागच्या चर्चेत माथाडी मंडळांचा दाखला वारंवार दिला गेला. केंद्राच्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ॲप चालवणाऱ्यांकडून वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीची तरतूद केली आणि मालवाहतूक सेवा त्या यादीत घातली. पण उलाढालीवरचा टक्का आणि गोणीवरची लेव्ही यांत फरक आहे. पहिल्यात पैसा एका सामायिक निधीत जातो आणि त्यातून योजना निघतात. दुसऱ्यात टोळीतल्या प्रत्येकाच्या पासबुकात, त्याने उचललेल्या ओझ्याच्या प्रमाणात, दरमहा रक्कम चढते, आणि ती किती चढली हे तो स्वतः वाचू शकतो.