मैदान शाळकऱ्यांचं : ऑकलंडचा पॉलिफेस्ट

पॉलिफेस्ट या शालेय नाचगाण्याच्या महोत्सवाची सुरुवात १९७६ साली, न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहराच्या ओतारा उपनगरात, हिलरी कॉलेजमध्ये. नावात कॉलेज असलं तरी ही माध्यमिक शाळा. आणि हिलरी म्हणजे आपले एव्हरेस्टवालेच. पहिल्या वर्षी चार शाळा आल्या. आता दरवर्षी साधारण मार्चमध्ये ऑकलंडमधल्याच मानुकाऊच्या मैदानावर हजारो विद्यार्थी उतरतात. माओरी, सामोआ, टोंगा, कुक बेटं आणि नियुए यांचे रंगमंच वेगवेगळे.

माओरी मंचावर चुरस असते ती कापा हाकाची, म्हणजे माओरी समूह नाचगाण्याची. रग्बीमुळे जगाला त्यातला हाका हा आवेशाचा नाच तेवढा ठाऊक. पण इथे मंचावर येताना आणि जातानाची गाणीही गुण मिळवून देतात. मुली दोरीला बांधलेला हलका चेंडू, म्हणजे पोई, तालावर गरगर फिरवतात. एकीची दोरी चुकली की अख्खी रांग उघडी पडते. प्रशिक्षक बाहेरच, मंचावर पथकाला हाक देतात ते विद्यार्थीच. एक मुलगा आणि एक मुलगी, दोघेही नेते. मातृभाषेतल्या वक्तृत्वस्पर्धाही असतात. नाचगाण्याच्या गलक्यात त्यांच्याकडे पाहुण्यांचं उगाच दुर्लक्ष होतं.

आणखी एक मंच उरलेल्या समाजांसाठी आहे. तिथे भारतीय मुलंही नाचतात.